जड कामांसाठी नोडमध्ये वर्कर पूल: थ्रेड किती, रांग किती, आणि मेन थ्रेड मोकळा कसा ठेवायचा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. नोड आणि एक्सप्रेसवर चालणारी एक सेवा आहे. बहुतेक रिक्वेस्ट हलक्या, डेटाबेसमधून चार ओळी आणून द्यायच्या. एक एंडपॉइंट मात्र ग्राहकाच्या वर्षभराच्या व्यवहारांचा गोषवारा काढतो. त्यात दोन-अडीच सेकंद नुसती आकडेमोड चालते आणि तेवढा वेळ बाकी सगळे ताटकळतात. फंक्शन असिंक केलं, प्रॉमिसमध्ये गुंडाळलं, काही फरक पडला नाही. मग प्रत्येक रिक्वेस्टला नवा वर्कर थ्रेड काढून पाहिला. टेस्टिंगला चाललं, पण महिनाअखेरीच्या गर्दीत मेमरी संपून अख्खी प्रोसेस मेली. आता पूल करायचा आहे, तर थ्रेड किती ठेवायचे?

थ्रेडच्या आकड्याचं उत्तर सोपं आहे, खाली दिलं आहे. पण नुसत्या त्या आकड्याने तुमचं दुखणं जाणार नाही. पूल करायचा तो मर्यादा घालायला: एका वेळी किती कामं चालतील, किती थांबतील, किती वेळ थांबतील, आणि त्यापुढे आलेल्याला नाही कसं म्हणायचं. बहुतेक जण यातली पहिली मर्यादा घालतात, बाकीच्या राहून जातात, आणि पुढच्या महिनाअखेरीला सर्व्हर पुन्हा झोपतो.

आधी असिंकचं. असिंक लिहिल्याने काम दुसऱ्या थ्रेडवर जात नाही. प्रॉमिसला दिलेलं फंक्शन तिथल्या तिथे, त्याच थ्रेडवर, लगेच चालतं. लाखो नोंदींवरून फिरणाऱ्या तुमच्या लूपमध्ये अवेट नाहीच. समजा घातला, तरी आधीच पूर्ण झालेल्या प्रॉमिसवरचा अवेट मायक्रोटास्कच्या रांगेत जातो, आणि ती रांग पूर्ण संपल्याशिवाय इव्हेंट लूप (आलेली कामं एकामागून एक चालवणारं नोडचं चक्र) पुढे सरकत नाही. म्हणजे सॉकेटवर येऊन थांबलेल्या रिक्वेस्टला तेव्हाही वाव मिळत नाही. सेटइमिजिएट वापरून दर काही हजार नोंदींनंतर थांबलात तर मिळतो. काम पन्नास-शंभर मिलिसेकंदांचं असेल तर मी तेवढंच करेन, पूलच्या वाटेला जाणार नाही. अडीच सेकंदांच्या कामाला ते पुरत नाही. बाकीच्या रिक्वेस्ट सुटतात, पण प्रत्येक जण रखडत सुटतो.

दुसरा गोंधळ हमखास होतो: नोडमध्ये आधीपासून थ्रेड पूल असतो ना, मग त्याचेच थ्रेड वाढवले तर? असतो. तो लिबयूव्हीचा (नोडच्या पोटातली सी लायब्ररी), मूळचे ४ थ्रेड. यूव्ही थ्रेडपूल साइझ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल प्रोसेस सुरू होण्याआधी दिला तर तो १०२४ पर्यंत वाढवता येतो. पण तुमचं जावास्क्रिप्ट त्या थ्रेडवर कधीच चालत नाही. तिथे जातात फाइल सिस्टिमची कामं, डीएनएस लुकअप, झेडलिबचं कॉम्प्रेशन, आणि पीबीकेडीएफ२, एस-क्रिप्ट (scrypt) यांसारखी पासवर्ड हॅशिंगची, क्रिप्टो मॉड्यूलमधली असिंक फंक्शन. नेटवर्कचे सॉकेटसुद्धा तिथे जात नाहीत, ते लिनक्सवर ईपोल या कर्नलच्या सोयीकडे असतात. खात्री करायची असेल तर चार किंवा जास्त कोअरच्या मशीनवर पीबीकेडीएफ२ एकदम पाच वेळा बोलवा आणि प्रत्येकाचा वेळ छापा. चार जवळजवळ एकाच क्षणी संपतात, पाचवा साधारण दुप्पट वेळाने. याचाच एक त्रासदायक परिणाम असा की लॉगिनची गर्दी झाली आणि पासवर्ड हॅशिंगने चारही थ्रेड धरून ठेवले, की बाहेरच्या एपीआयला जाणारे तुमचे कॉलही मंदावतात. कारण त्यांचं डीएनएस लुकअप त्याच चार थ्रेडच्या मागे उभं असतं. लोक दिवसभर नेटवर्क तपासत बसतात.

पूलला हात घालण्यापूर्वी दोन गोष्टी बघा. पहिली, मोजमाप. नोडच्या पर्फ हुक्स मॉड्यूलमध्ये मॉनिटर इव्हेंट लूप डिले आहे, तो सतत चालू ठेवा आणि त्याचा ९९वा पर्सेंटाइल ग्राफवर आणा. सोबत इव्हेंट लूप युटिलायझेशनही घ्या. दुसरी, ही आकडेमोड नोडमध्ये का चालली आहे? महिनावार बेरजा, वर्गवारी, कमाल-किमान एवढंच असेल तर ते डेटाबेसचं काम आहे. ग्रुप बाय लावलेली एक नीट क्वेरी आणि योग्य इंडेक्स यांनी अडीच सेकंदांचं काम कित्येकदा इतकं खाली येतं की पुढचं काही करावंच लागत नाही. मला हा उपाय मनापासून आवडतो, कारण त्यात सांभाळायला नवं काही उरत नाही. खरोखर एसक्यूएलमध्ये न मांडता येणारी आकडेमोड, पीडीएफ किंवा एक्सेल तयार करणं, मोठी एक्सएमएल उलगडणं, असलं काही असेल तरच पुढे वाचा.

वर्कर थ्रेड्स हे मॉड्यूल नोड १०.५ मध्ये, २०१८ साली, प्रायोगिक म्हणून आलं आणि १२व्या मालिकेत स्थिर झालं. प्रत्येक वर्करला स्वतःचं व्ही८ आयसोलेट (जावास्क्रिप्ट इंजिनची वेगळी प्रत), स्वतःचा हीप (मेमरीचा साठा), स्वतःचा इव्हेंट लूप असतो. सी किंवा जावामधल्या थ्रेडसारखी सगळी मेमरी आपोआप सामायिक नसते. त्यामुळे वर्कर सुरू करायला दहा-वीस मिलिसेकंद तरी लागतात आणि तुमचा कोड लोड होण्याआधीच काही एमबी मेमरी जाते. त्यावर तुमच्या लायब्ररी प्रत्येक वर्करमध्ये नव्याने लोड होतात, वर चालू कामाचा डेटा. प्रत्येक रिक्वेस्टला नवा वर्कर म्हणजे एकदम दोनशे रिक्वेस्ट आल्या की दोनशे हीप. तुमची प्रोसेस मेली ती यानेच.

पूलचा सांगाडा छोटा आहे. सुरुवातीलाच ठरावीक वर्कर उभे करायचे. मोकळ्या वर्करची एक यादी, थांबलेल्या कामांची एक रांग. काम आलं आणि कुणी मोकळं असलं तर पोस्टमेसेजने त्याच्याकडे द्यायचं, नाहीतर रांगेत. प्रत्येक कामाला एक क्रमांक, आणि त्या क्रमांकावरून त्या कामाच्या प्रॉमिसचे रिझॉल्व्ह आणि रिजेक्ट सापडतील असा एक मॅप. वर्करने तो क्रमांक आणि निकाल परत पाठवला की प्रॉमिस पूर्ण करायचं आणि रांगेतलं पुढचं काम त्याच वर्करला लावायचं.

घरी लिहिलेल्या पूलमध्ये दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. वर्करमध्ये न पकडलेला एरर आला की तो वर्कर संपतो. मेन थ्रेडवर आधी एरर इव्हेंट येतो, मग एक्झिट. चालू कामाचं प्रॉमिस तिथे रिजेक्ट केलं नाही तर ती रिक्वेस्ट कायमची लटकते. आणि बदली वर्कर दोन्ही इव्हेंटवर काढला तर प्रत्येक अपघातामागे पूल एकाने फुगतो. बदली फक्त एक्झिटवर काढा. दुसरं, असिंक लोकल स्टोरेज, म्हणजे रिक्वेस्टबरोबर चालणारी माहिती ठेवायची नोडची सोय. रिक्वेस्टचा ट्रेस आयडी त्यात ठेवत असाल तर वर्करकडून निरोप आल्यानंतरच्या कोडमध्ये तो गायब झालेला किंवा भलत्याच रिक्वेस्टचा दिसू शकतो, कारण तो कॉलबॅक तुमच्या रिक्वेस्टच्या संदर्भात चालत नाही. प्रत्येक काम असिंक रिसोर्समध्ये बांधावं लागतं. नोडच्या अधिकृत दस्तऐवजात नेमकं याचंच, वर्कर पूलचं, उदाहरण आहे.

हे सगळं एकदा स्वतः लिहून बघा, समजायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. प्रॉडक्शनला मात्र पिसिना ही वर्कर पूलची तयार लायब्ररी वापरा. जेम्स स्नेल आणि अॅना हेनिंगसेन यांनी ती सुरू केली, आणि नोडमधल्या वर्कर थ्रेड्सचं मूळ काम बरंचसं हेनिंगसेन यांचंच आहे. वापर सरळ आहे: कामाचं फंक्शन एका वेगळ्या फाइलमधून एक्स्पोर्ट करायचं, पूलला त्या फाइलचा पत्ता द्यायचा, आणि रन बोलवायचं. पण तिच्या मूळ सेटिंग तशाच ठेवू नका. कमाल थ्रेड कोअरच्या दीडपट धरलेले असतात, निव्वळ सीपीयूच्या कामाला ते जास्त आहेत. रांगेला मूळची मर्यादाच नसते. आणि आयडल टाइमआउट शून्य असतो, म्हणजे किमान संख्येच्या वरचे वर्कर मोकळे झाले रे झाले की बंद होतात आणि पुढच्या कामाला पुन्हा नव्याने उभे राहतात. किमान आणि कमाल एकच ठेवलंत तर हा प्रश्नच उरत नाही. मी तसंच ठेवतो.

आता थ्रेड किती. निव्वळ आकडेमोड असेल तर हाताशी असलेले कोअर वजा एक. तो एक मेन थ्रेडसाठी. नोड १८.१४ पासून ओएस मॉड्यूलमध्ये अव्हेलेबल पॅरलेलिझम आहे, सीपीयूंची यादी मोजण्यापेक्षा ते वापरा. कंटेनरमध्ये चालवत असाल तर मात्र मशीनवरून काढलेल्या आकड्यावर विसंबू नका, संख्या कॉन्फिगरेशनमधूनच द्या.

यामागचा हिशेब नीट बघण्यासारखा आहे. समजा मशीन १६ कोअरचं आहे आणि तुमच्या पॉडला (कुबरनेटीसमध्ये तुमची सेवा चालवणाऱ्या कंटेनरला) सीपीयू लिमिट २ दिली आहे. लिनक्स ही मर्यादा साधारणपणे दर १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत मोजतं. एका खिडकीत तुमच्या सगळ्या थ्रेडना मिळून २०० मिलिसेकंदांचं सीपीयू. कोडने १६ कोअर पाहिले आणि १५ वर्कर उभे केले. पंधराही कामाला लागले की ते २०० मिलिसेकंद सुमारे १३ मिलिसेकंदांत फस्त होतात. उरलेले ८७ मिलिसेकंद कर्नल अख्खी प्रोसेस थांबवून ठेवतं, आणि त्यात मेन थ्रेडही आला. म्हणजे ज्या मेन थ्रेडला वाचवायला पूल केला, तोच दर खिडकीत बहुतेक वेळ गोठलेला. बाहेरून दिसतं ते असं की सीपीयूचा सरासरी ग्राफ ठीकठाक, इव्हेंट लूप डिले मात्र ऐंशी-नव्वद मिलिसेकंदांच्या पायऱ्यांनी उड्या मारतोय. सीग्रुपच्या (लिनक्सची ही मर्यादा घालणारी यंत्रणा) सीपीयू स्टॅट फाइलमध्ये थ्रॉटल झालेल्या, म्हणजे अशा थांबवलेल्या, खिडक्यांची संख्या लिहिलेली असते, ती वाढताना दिसली तर निदान पक्कं. लिमिट २ असेल तर वर्कर एकच ठेवा आणि गरज पडली तर पॉड वाढवा.

रांगेचाही हिशेब मांडा. ३ वर्कर, प्रत्येक काम अडीच सेकंद, म्हणजे मिनिटाला ७२ कामं. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याची प्रॉक्सी रीड टाइमआउट मूळची ६० सेकंद असते. रांगेत शंभर जण असतील तर शेवटच्या पंचवीस-तीस जणांना त्यांची पाळी येण्याआधीच ५०४ (वेळ संपल्याचा एरर) मिळालेला असेल, आणि तुमचे वर्कर निघून गेलेल्या माणसांसाठी आकडेमोड करत राहतील. माणूस काय करतो? रिफ्रेश दाबतो. रांगेत आणखी एक काम. गर्दी ओसरली तरी सर्व्हर बराच वेळ सावरत नाही तो यामुळे. माणूस पंधरा-वीस सेकंद थांबेल असं धरा. वीस कामांच्या रांगेत शेवटच्याची पाळी सुमारे १७ सेकंदांनी येते, तेव्हा रांगेची मर्यादा वीस. एकविसाव्याला लगेच ५०३ (सेवा सध्या उपलब्ध नाही) आणि सोबत पुन्हा कधी यायचं ते सांगणारा रिट्राय आफ्टर हेडर. ग्राहकाला नाही म्हणताना जीव कचरतो हे मला समजतं, पण मिनिटभर ताटकळवून नाही म्हणण्यापेक्षा लगेच सांगणं हे त्याच्याच भल्याचं आहे.

रिफ्रेशवर आणखी एक सोपा उपाय आहे. ग्राहक आणि वर्ष मिळून एक की बनवा आणि त्या कीचं काम आधीच चालू किंवा रांगेत असेल तर नवं काम न लावता तेच प्रॉमिस परत द्या. दहा ओळींचा कोड, आणि गर्दीत याने पडणारा फरक थ्रेड वाढवण्यापेक्षा मोठा असू शकतो. ब्राउझर बंद करून गेलेल्यांसाठी रिस्पॉन्सचा क्लोज इव्हेंट ऐका आणि अबॉर्ट कंट्रोलरने काम रद्द करा. वरचा प्रॉमिस वाटून घेण्याचा उपाय केला असेल तर त्या कीवरचा शेवटचा माणूस गेल्यावरच रद्द करा. पिसिनामध्ये रांगेतलं काम रद्द केलं तर ते नुसतं काढून टाकलं जातं. चालू काम रद्द केलं तर तो वर्करच मारून नवा उभा केला जातो. म्हणून अडीच सेकंदांचं काम एकदा सुरू झालं तर मी ते संपू देतो, रद्द करतो ते फक्त रांगेतलं. भरकटलेल्या कामासाठी मात्र वीसेक सेकंदांची कडक मुदत हवीच, आणि तिथे वर्कर मारण्यावाचून इलाज नाही. अनंत लूपमध्ये अडकलेल्या वर्करचा इव्हेंट लूपच अडलेला असतो, त्याला थांब असा निरोप पाठवून तो वाचणार कधी? टर्मिनेट जावास्क्रिप्टला लूपच्या मध्यावरही तोडतं. नेटिव्ह अॅडऑनच्या आत अडकला असेल तर तो जावास्क्रिप्टकडे परत येईपर्यंत थांबावं लागतं.

आता ज्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष जातं ती: डेटाची ने-आण. पोस्टमेसेज स्ट्रक्चर्ड क्लोनने डेटाची प्रत काढतो, आणि पाठवणाऱ्या बाजूचं काम पोस्टमेसेज बोलावल्या क्षणी, त्याच थ्रेडवर, तिथेच होतं. उलगडण्याचं काम घेणाऱ्या थ्रेडवर. तुम्ही मेन थ्रेडवर डेटाबेसमधून पाच लाख नोंदी आणल्यात आणि त्या वर्करला पाठवल्यात, तर ड्रायव्हरने त्या पाच लाख ऑब्जेक्ट मेन थ्रेडवरच बनवल्या आणि त्यांची प्रत काढण्याचं कामही मेन थ्रेडनेच केलं. वर्करने मोठा निकाल ऑब्जेक्टच्या रूपात परत पाठवला की तो उलगडायचा मेन थ्रेडने, आणि रिस्पॉन्समध्ये जेसन करायचा तोही त्यानेच. आकडेमोड बाहेर गेली, ओझं बरंचसं तिथेच राहिलं. पूल करूनही अडतंय अशी तक्रार आली की मी आधी इथे बघतो.

म्हणून वर्करला फक्त ग्राहकाचा क्रमांक आणि तारखा पाठवा. क्वेरी वर्करनेच करावी, स्वतःच्या कनेक्शनवर. फक्त एकूण कनेक्शन मोजा, पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० आहे आणि पॉड गुणिले वर्कर हा आकडा झपाट्याने वाढतो. निकालाचं जेसनही वर्करमध्येच बनवा, टेक्स्ट एन्कोडरने त्याचे बाइट करा, आणि तो अॅरे बफर पोस्टमेसेजच्या दुसऱ्या आर्ग्युमेंटमधून ट्रान्सफर करा. पिसिनात त्यासाठी मूव्ह फंक्शन आहे. ट्रान्सफर केलेल्या बफरची प्रत निघत नाही, मालकी बदलते आणि पाठवणाऱ्याकडे त्याची लांबी शून्य होते. मेन थ्रेडने कंटेंट टाइप लावून ते बाइट जसेच्या तसे रिस्पॉन्समध्ये लिहायचे, उलगडायचे नाहीत. एक काळजी घ्या: नोडचे लहान बफर एका सामायिक तुकड्यातून कापलेले असतात, ते ट्रान्सफर होत नाहीत. शिवाय क्लोनमधून डेट, मॅप, सेट नीट जातात, पण क्लासच्या ऑब्जेक्टची मेथड हरवतात आणि फंक्शन पाठवलं तर एररच येतो. थ्रेडमध्ये मेमरी वाटून घेणाऱ्या शेअर्ड अॅरे बफर आणि अॅटॉमिक्सच्या वाटेला या कामासाठी जाऊ नका.

मेमरीसाठी प्रत्येक वर्करला रिसोर्स लिमिट्समध्ये ओल्ड जनरेशनची (हीपचा मुख्य भाग) एमबीतली मर्यादा द्या. ती ओलांडली की तो एकटा वर्कर मरतो, त्याचं काम एररने परत येतं आणि सेवा चालू राहते. महिनाअखेरीला तुमची प्रोसेस गेली तशी मग जात नाही. अॅरे बफर या मर्यादेत मोजले जात नाहीत, त्यामुळे पॉडच्या मेमरीत थोडी जागा राखून ठेवा. नेटिव्ह अॅडऑनमध्ये सेगफॉल्ट झाला तर मात्र सगळी प्रोसेस जाते. असलं अॅडऑन वापरायचंच असेल तर ते चाइल्ड प्रोसेसमध्ये चालवा.

काम मिनिटाच्या वर जाणारं असेल, किंवा मध्येच डिप्लॉय झालं तरी हरवता कामा नये असं असेल, तर ते पूलमध्ये ठेवूच नका. पूलची रांग मेमरीत असते, प्रोसेसबरोबर जाते. त्याला रेडिस आणि बुलएमक्यूसारखी टिकणारी रांग आणि वेगळी वर्कर प्रोसेस हवी. तिथेही हाच धडा लागू पडतो: बुलएमक्यूमध्ये चालू कामाचं लॉक मूळचं ३० सेकंदांचं असतं आणि ते मधूनमधून वाढवलं जातं. तुमच्या आकडेमोडीने त्या प्रोसेसचा इव्हेंट लूप अडवला तर लॉक वाढत नाही, काम अडकलं असं समजून ते दुसऱ्या वर्करला दिलं जातं आणि एकच रिपोर्ट दोनदा निघतो. त्यासाठी काम वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवणारे सँडबॉक्स्ड प्रोसेसर आहेत, ते वापरा.

डिप्लॉयच्या वेळी सिगटर्म (प्रोसेस बंद करण्याचा इशारा) आला की नवी कामं घेणं थांबवा, रांगेतल्यांना ५०३ द्या, चालू कामं संपू द्या, मग पूल बंद करा. कुबरनेटीस मूळचे ३० सेकंद देतं, अडीच सेकंदांच्या कामांना ते भरपूर आहेत.

शेवटी तपासणी. दोन टर्मिनल उघडा. एकात ऑटोकॅनन या भार टाकणाऱ्या साधनाने सर्वांत हलक्या एंडपॉइंटवर बेताचा भार टाका आणि ९९व्या पर्सेंटाइलचा वेळ लिहून घ्या. तो चालू असतानाच दुसऱ्यात जड एंडपॉइंटवर रांग भरून ५०३ येऊ लागतील इतका मारा करा. हलक्या एंडपॉइंटचा आकडा जवळपास जागेवर राहिला तर पूल नीट बसला. हलला तर आधी मेन थ्रेडवरून जाणारा डेटा बघा, मग थ्रॉटलिंग. कामाचा रांगेतला वेळ आणि प्रत्यक्ष चालण्याचा वेळ हे दोन वेगळे आकडे म्हणून नोंदवा, आणि अलार्म रांगेतल्या वेळेवर लावा. ग्राहकाला आधी तोच जाणवतो.